सल्फा औषधें आणि खानदेशचा उन्हाळा

१९०६ मध्यें खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचें ठाणें जळगांव व पश्चिम खानदेशचें धुळें ठरलें. त्या काळीं प्लेगची सांथ आली म्हणजे गांवें ओस पडत व लोक रानांत झोंपड्या घालून राहत. रोग टाळण्यास लस होती. परंतु एकदां गांठ आल्यावर वैद्य व डॉक्टर दोघेही हतबल होत.

जंतूंच्या अनेक रोगांपुढील ही हतबलता प्रथम सल्फा औषधांनीं दूर केली. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ट डोमाक यांस १९३२ मध्यें प्रोंटोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा गुण उंदरांवरील प्रयोगांत आढळला. १९३५ मध्यें तो प्रसिद्ध झाला. गुण रंगाचा नसून त्यांतून शरीरांत सुटणाऱ्या सल्फानिलामाइडचा आहे, हें त्याच वर्षीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत सिद्ध झालें. पुढें १९४० मध्यें मुंबईच्या हाफकिन संस्थेंतील साहिबसिंग सोखे व बी. बी. दीक्षित यांनीं प्लेगच्या संसर्गावर सल्फाथायझोलचा गुण येतो, असें प्रसिद्ध केलें.

जंतूच्या वाढीस लागणाऱ्या एका आम्लाचें सोंग घेऊन हें औषध त्याची वाढ रोखतें. परंतु गुण व दोष एकाच पुडींत होते. सल्फापिरिडीन, सल्फाथायझोल व सल्फाडायझीन हीं लघवींत नीट विरघळत नाहींत. रोगी पाणी कमी प्याला कीं त्यांचे स्फटिक मूत्रमार्गांत साचतात. लघवींतून रक्त जातें, कधीं लघवीच बंद होते. खानदेशांत वैशाखांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरांत जातो, घामानें अंगांतील पाणी आटतें व लघवी दाट होते. तेथें हा धोका अधिकच. म्हणून या औषधांबरोबर भरपूर पाणी व पुष्कळदां खाण्याचा सोडाही देत. तापांत लंघन घालण्याची रीत जुनी आहे. तें लंघन अन्नाचें असलें तरी पाण्याचें असूं नये.

कांहीं दोष मात्र पाण्यानें टळत नाहींत. एखाद्याच्या अंगावर पुरळ उठतें, क्वचित् तोंडांत व डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटते, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. पुरळ दिसतांच डॉक्टरांस गांठावें; पूर्वीं सल्फा बाधलें असल्यास तें औषध घेण्याआधींच सांगावें.

पुढें पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर सल्फा औषधें मागें पडलीं. तरी ट्रायमेथोप्रिमच्या जोडीनें सल्फामेथॉक्सॅझोल आजही वापरांत आहे. त्याची गोळी घरांत आली म्हणजे रोग्याच्या उशाशीं पाण्याचा तांब्या भरलेला असावा.