अपघाताच्या रात्री सही कोणाची?

अपघाताची वार्ता घरी पोचविणारा माणूस बहुधा अनोळखी असतो. जखमीच्या मोबाईलवरील शेवटचा क्रमांक तो फिरवितो, ठिकाण सांगतो, रुग्णालयाचे नाव सांगतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्यानंतरच्या तासाभरात एका घराचा सारा भार एकट्या व्यक्तीच्या अंगावर येतो. ती पत्नी असते किंवा पती. काल संध्याकाळपर्यंत भाजी काय करायची याचा विचार करणाऱ्या त्या व्यक्तीला आज दाखल करण्याचा अर्ज, शस्त्रक्रियेचे संमतिपत्र, विम्याचे कागद आणि पोलिसांपुढील जबाब अशा ठिकठिकाणी सही करावी लागते. काही ठिकाणी या सहीला पूर्ण मोल असते, तर काही ठिकाणी विवाहाचे नाते असूनही कायद्याच्या दृष्टीने ती कागदावरची रेघ ठरते. हा भेद आधी ठाऊक असेल, तर पुढील पुष्कळ धावपळ टळते.

नगर रस्ता, आळंदी रस्ता आणि विमानतळाकडे जाणारी वाहतूक येरवड्याच्या अंगणातूनच जाते. त्यामुळे येथील रहिवाशांना हा विषय परका नाही. जखमीला नेण्यासाठी १०८ क्रमांकाची शासकीय रुग्णवाहिका विनामूल्य मिळते; महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. येरवड्यातच महापालिकेचे राजीव गांधी रुग्णालय आहे, आणि बंडगार्डनचा पूल ओलांडला की पुढे स्टेशनाजवळ १८६७ पासूनचे ससून. डोक्याला मार असेल, तर रुग्णालय जवळचे की दूरचे यापेक्षा तेथे रात्रीही सीटी स्कॅन आणि मेंदूचे शल्यविशारद उपलब्ध आहेत काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आधी पोलिसांचा कागद आणा, मग उपचार करू, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच तसे बजावले आहे. जखमीला आणून सोडणाऱ्या वाटसरूला थांबवून ठेवण्याचीही आता आवश्यकता नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने अशा मदतगाराला संरक्षण दिले आहे. त्याचे आभार मानताना, त्याची तयारी असेल तर, दूरध्वनी क्रमांक मात्र टिपून ठेवावा. पुढे साक्षीसाठी तोच एकमेव दुवा असू शकतो.

संमतिपत्राचा प्रश्न

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात संमतिपत्र येते तेव्हा बारीक अक्षरांतील मजकूर वाचण्याच्या मनःस्थितीत तो नसतो. येथे एक गोष्ट स्पष्ट हवी. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर असेल आणि समजून निर्णय घेऊ शकत असेल, तर संमती त्याचीच लागते. नातेवाइकाची सही त्याची जागा घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे तत्त्व नि:संदिग्धपणे मांडले. रुग्ण बेशुद्ध असेल आणि प्राण वाचविण्यासाठी तातडीने काही करणे भाग असेल, तर डॉक्टर कोणाच्याही सहीवाचून उपचार करू शकतात. या दोहोंच्या मधल्या परिस्थितीत जोडीदाराच्या सहीला महत्त्व येते.

येरवड्याला या प्रश्नाचा एक जुना संदर्भ आहे. जानेवारी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा तीव्र विकार जडला. त्यांना ससूनमध्ये हलविण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. कैदी गांधी, शल्यविशारद सरकारी नोकरीतील इंग्रज. काही विपरीत घडले असते, तर देश पेटला असता. म्हणून पुण्यातील श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून निवेदन तयार करण्यात आले आणि खुद्द रुग्णाने त्यावर सही केली. शस्त्रक्रिया सुरू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. सही कोणाची, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी जे होते तेच आज कायद्याने दिले आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शस्त्रक्रिया कोणती, ती न केल्यास काय होईल आणि तिला पर्याय कोणता, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. डॉक्टर घाईत असतात हे खरे. पण उत्तराला दोन मिनिटे पुरतात.

अतिदक्षता विभागाबाहेर

यानंतरचे दिवस बाकड्यावरचे. आत काय चालले आहे, याची कल्पना दिवसातून एकदोनदा होणाऱ्या संभाषणातूनच येते, आणि त्या संभाषणात 'जीसीएस' हा शब्द हमखास येतो. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्धीचे मोजमाप करणारी ही ग्लासगो पद्धत आहे. पूर्ण शुद्धीचा आकडा १५, सर्वांत कमी ३. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे बेशुद्धी गंभीर. एका दिवसाच्या आकड्यावर उड्या मारू नयेत आणि खचूही नये. तो कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे पाहावे. घरच्या एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे आणि ऐकलेले तारखेसह वहीत लिहावे. पाच नातेवाइकांनी पाच वेळा विचारले, की पाच निराळ्या बातम्या घरी पोचतात, आणि त्या निस्तरण्याचे काम पुन्हा जोडीदारावरच येते.

शुद्ध येत असताना रुग्ण कित्येकदा भलतेच बोलतो. नळ्या ओढतो, जवळच्या माणसाला ओळखत नाही, प्रसंगी शिवीगाळही करतो. वर्षानुवर्षे संसार केलेल्या पत्नीला 'तू कोण' असा प्रश्न ऐकावा लागतो तेव्हा अपघातापेक्षाही मोठा आघात होतो. वैद्यकीय भाषेत याला 'डिलिरियम' म्हणतात. औषधे, झोपमोड, संसर्ग आणि मेंदूला झालेली इजा यांतून उद्भवणारी ही अवस्था पुष्कळदा तात्पुरती असते. परिचित आवाज, रुग्णाचा स्वतःचा चष्मा, भिंतीवरचे घड्याळ, दिवस-रात्रीचा फरक कळेल असा उजेड यांचा उपयोग होतो. ही गोष्ट नातेवाइकांना आधी सांगितली जातेच असे नाही.

पैसा आणि बँक

सर्वांत मोठी निराशा पदरी पडते ती बँकेच्या खिडकीवर. खाते पतीच्या एकट्याच्या नावावर आणि तो अतिदक्षता विभागात, तर पत्नीला त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. आपले नाव 'नॉमिनी' म्हणून आहे, असे ती सांगते. परंतु नामनिर्देशन खातेदाराच्या मृत्यूनंतरच लागू होते. कुलमुखत्यारपत्र असले तरी खातेदार निर्णयक्षम न राहिल्यास करार कायद्यानुसार तेही संपुष्टात येते; म्हणजे नेमकी गरज पडते त्याच वेळी कागद निरुपयोगी. कोमातील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र कायदा देशात नाही. त्यामुळे अशा रुग्णांच्या पत्नींना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत पत्नीची पालक म्हणून नेमणूक केली आहे, तर केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वेच घालून दिली. दिलासा मिळतो, पण तोवर हप्ते, शाळेची फी आणि औषधांचे बिल थांबत नाही.

रुग्ण शुद्धीवर असून केवळ हात मोडल्यामुळे सही करू शकत नसेल, तर मार्ग सोपा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला परिचित असे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेला कळविल्यास अधिकारी रुग्णालयात येऊ शकतो. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशा पद्धतीचे संयुक्त खाते असेल, तर यांपैकी काहीच करावे लागत नाही. घरातील वीजबिलाचे खाते तरी तसे असावे, एवढे सुखाच्या दिवसांत कोणाला सुचत नाही.

बिलासाठी मदतीची दारे पहिल्याच दिवशी ठोठवावीत. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित केली. तीनुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोख रकमेशिवाय मिळतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानंतर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालय त्या योजनेत असल्यास 'आरोग्यमित्र' कोठे बसतो, याची चौकशी करावी. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका त्यासाठी लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवू नये, असेही त्या योजनेत नमूद आहे. खासगी विमा असेल, तर विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने रोकडरहित उपचारांच्या मागणीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावयाचा असतो. ही मुदत नातेवाइकाने तोंडपाठ ठेवलेली बरी.

पोलिस आणि दावा

अपघाताचा रुग्ण दाखल झाला, की रुग्णालय त्याची 'एमएलसी' म्हणून नोंद करते. तो क्रमांक, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, पंचनामा आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत या गोष्टी पहिल्या आठवड्यातच हाती असाव्यात. अपघात एका ठाण्याच्या हद्दीत आणि रुग्णालय दुसऱ्या, अशी स्थिती असली तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. वैद्यकीय कागद हे पुरावे असतात, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोघे ठार झाले. येरवडा पोलिस ठाण्यात नोंदल्या गेलेल्या त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पुढे ससूनमधील डॉक्टरांना अटक झाली होती.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावे न्यायाधिकरणापुढे चालतो. कायद्यातील मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्यावर विसंबून राहू नये. दावा जखमीच्याच नावाने होतो. तो बेशुद्ध असेल, तर जोडीदार 'वादमित्र' म्हणून उभा राहू शकतो. बुडालेले उत्पन्न आणि पुढील उपचार यांबरोबरच शुश्रूषेचा खर्चही मागता येतो. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिचारकाच्या खर्चाचा आयुष्यभराचा स्वतंत्र हिशेब मांडला. घरचेच माणूस करते, त्याचे पैसे कसले मागायचे, हा विचार म्हणूनच सोडून द्यावा. ठोकरून पळालेले वाहन सापडले नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

निर्णयाचे ओझे

कागदांची कामे कोणीतरी शिकविते. निर्णयाचे ओझे मात्र वाटून घेता येत नाही. नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणण्यात आले आणि ते देऊन पाहावे, असा पुत्र देवदास यांचा आग्रह होता. वारंवार टोचावे लागणाऱ्या सुयांचा त्रास अखेरच्या घटकेला पत्नीला देऊ नये, असे गांधीजींचे मत पडले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबांचे निधन झाले. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही मतभेद होतात. व्हेंटिलेटर किती दिवस, दुसरी शस्त्रक्रिया करावी की नाही, अशा प्रश्नांपुढे आजचा जोडीदार उभा राहतो तेव्हा घरात असेच दोन तट पडतात. अशा वेळी डॉक्टर, जोडीदार आणि मुले यांनी एकत्र बसून रुग्णाने पूर्वी काय बोलून दाखविले होते, हे आठवावे. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांनाही त्या बैठकीला बोलावता येते.

या साऱ्यात स्वतः जोडीदाराची दखल कोणी घेत नाही. रात्री बाकड्यावर, दिवसा चहा-बिस्किटांवर, रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिलेल्या. रुग्ण घरी आल्यावर खऱ्या शुश्रूषेला सुरुवात होते, आणि तोवर शुश्रूषा करणाराच आजारी पडलेला असतो. रात्रपाळीसाठी दीर-नणंदा, शेजारी, कार्यालयातील सहकारी यांना वार ठरवून द्यावेत. 'काही लागले तर सांगा' असे म्हणणाऱ्याला तेथल्या तेथे डब्याचे किंवा मुलांना शाळेत सोडण्याचे काम सांगावे. झोप उडणे, आवाजाने दचकणे, अपघाताचे दृश्य सतत दिसणे हे महिनाभर टिकले, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. येरवड्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केवळ त्याच्या नावाच्या धाकाने त्याची पायरी चढणे टाळले जाते. तेवढेही जमत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर रात्री-अपरात्रीही समुपदेशकाशी बोलता येते, आणि मराठीतूनही.