पूरसज्जता आणि लोकनियुक्त सभागृहाची देखरेख : पुणे महानगरपालिकेचा ऐतिहासिक अभ्यास (१९५० ते २०२५)

प्रस्तावना :

मुठा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या पुणे शहराच्या आधुनिक इतिहासात १२ जुलै १९६१ या दिवसाचे स्थान वेगळे आहे. त्या दिवशी पानशेत व खडकवासला ही दोन धरणे एकापाठोपाठ फुटली आणि नदीकाठच्या पेठा काही तासांत पाण्याखाली गेल्या. या पुराविषयी आठवणी, वृत्तपत्रीय लेखन आणि अभियांत्रिकी स्वरूपाची चर्चा विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. त्या मानाने स्थानिक स्वराज्य संस्थेच्या दृष्टिकोनातून या घटनेचा झालेला विचार मात्र कमी आहे. धरण कोणी बांधले, ते का फुटले, याची चौकशी झाली. परंतु काठावर राहणाऱ्या नागरिकाच्या सुरक्षिततेची तपासणी पूर येण्यापूर्वी कोणी करावयाची होती, हा प्रश्न बाजूला राहिला. हा प्रश्न १९६१ पुरता मर्यादित नाही. २०१९ व २०२४ मधील पुरांनी तो पुन्हा उपस्थित केला आहे.

उद्दिष्टे :

१) महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहास पूरसज्जतेवर देखरेख ठेवण्याचे कोणते अधिकार कायद्याने मिळाले, याचा आढावा घेणे.
२) १९६१, २०१९ व २०२४ या तीन पुरांच्या संदर्भात या देखरेखीचे स्वरूप तपासणे.
३) सभागृहाची देखरेख पूर्वतयारीच्या टप्प्यावर आणण्याच्या शक्यतांचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून अभ्यासक्षेत्र पुणे महानगरपालिकेपुरते मर्यादित आहे.

कायद्याची चौकट :

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. तिचा कारभार मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यानुसार सुरू झाला. या कायद्याने धोरण ठरविण्याचे व खर्चास मंजुरी देण्याचे काम निर्वाचित सभागृह आणि स्थायी समिती यांच्याकडे, तर अंमलबजावणीचे अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे सोपविले. सभासदांना प्रशासनास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. नैसर्गिक आपत्ती ओढवली असता वा ओढवण्याचा संभव असता आयुक्तांना आवश्यक ती तातडीची कारवाई करता येते आणि तिची माहिती त्यांनी स्थायी समितीस व महानगरपालिकेस द्यावयाची असते.

ही तरतूद व्यवहार्य आहे. पाणी चढत असताना सभा बोलावून ठराव करणे शक्य नसते. तथापि तिच्यातून सभागृहाची भूमिका कोणत्या टप्प्यावर सुरू होते, हेही स्पष्ट होते. आयुक्तांनी कृती करावयाची आणि सभागृहाने ती नंतर ऐकावयाची, असा हा क्रम आहे. कृतीपूर्वीची तयारी सभागृहाने दरवर्षी तपासावी, असा नियमित क्रम मात्र या व्यवस्थेत रूढ झाला नाही.

१९६१ चा पूर : शासनाचे धरण आणि महानगरपालिकेचे नागरिक :

खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले होते. शेतीला व पुण्याच्या छावणी भागास पाणी पुरविण्याच्या हेतूने बांधलेल्या या धरणावर पुढे संपूर्ण शहर अवलंबून राहू लागले. त्याच्या वरच्या बाजूस आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्यात येत होते. काम पूर्ण होण्यापूर्वीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी अडविण्यात आले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते आणि तिच्या वरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचविण्याचे प्रयत्न केले. परंतु १२ जुलैच्या सकाळी ते फुटले. त्या लोंढ्याने जुने खडकवासला धरणही टिकू शकले नाही.

धरण धोक्यात असल्याचे आदल्या दिवसापासून शासकीय यंत्रणेस माहीत होते. असे असूनही नदीकाठच्या पेठांना पद्धतशीर व वेळेवर इशारा मिळाला नाही. शनिवार, नारायण, सोमवार, मंगळवार इत्यादी पेठांतील अनेक कुटुंबांना पाणी दाराशी आल्यानंतरच संकटाची कल्पना आली. मृतांच्या संख्येविषयी पुढे अनेक वर्षे वाद होत राहिला. खडकवासला फुटल्यामुळे शहराचा पाणीपुरवठाही खंडित झाला आणि ज्या शहरातून पूर गेला, तेथील नागरिकांना पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या विहिरींचा आधार घ्यावा लागला.

येथे अधिकारांची विभागणी लक्षात घेणे आवश्यक आहे. धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचे होते. पोलीस व जिल्हा प्रशासन हेही राज्य शासनाच्या अखत्यारीत होते. महानगरपालिकेकडे रस्ते, पूल, अग्निशमन दल, शाळांच्या इमारती आणि काठावरच्या वस्तीची सर्वांत जवळची माहिती होती. म्हणजे संकटाची माहिती एका यंत्रणेकडे आणि संकटग्रस्तांची माहिती दुसऱ्या यंत्रणेकडे, अशी स्थिती होती. या दोहोंना जोडणारी कोणतीही बंधनकारक व्यवस्था त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

पुरानंतरही हीच विभागणी कायम राहिली. चौकशीचे काम न्या. आर. एस. बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्या. व्ही. ए. नाईक यांच्याकडे देण्यात आले. चौकशीचा रोख स्वाभाविकपणे धरणाच्या बांधकामावर व त्यासंबंधीच्या निर्णयांवर होता. पुनर्वसनाच्या कामासाठी शासनाने स. गो. बर्वे यांना पुण्यात पाठविले. महानगरपालिकेचे पहिले आयुक्त म्हणून त्यांना शहराची उत्तम माहिती होती व त्यांनी कामास गती दिली. गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती या काळाच्या साक्षीदार आहेत. मात्र पुनर्वसनाची सूत्रे एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या हाती एकवटल्यामुळे लोकनियुक्त सभागृहाचे स्थान पुन्हा दुय्यमच राहिले. पूरग्रस्तांना मिळालेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला, ही बाबही येथे नमूद करण्याजोगी आहे.

पूररेषा आणि शहराची वाढ :

१९६१ मध्ये सुमारे सहा लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांहून अधिक झाली. पानशेत धरण नव्याने बांधले गेले आणि वरसगाव व टेमघर ही धरणे या साखळीत आली. दरम्यान पाटबंधारे विभागाने नद्यांसाठी निळी व लाल अशा दोन पूररेषांची पद्धत आणली. पुण्यात मुठा नदीसाठी निळी रेषा ६०,००० क्युसेक आणि लाल रेषा १,००,००० क्युसेक विसर्गाच्या आधारे धरली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि दोन रेषांच्या दरम्यान अटींसह परवानगी, असे या पद्धतीचे सूत्र आहे.

रेषा आखण्याचे काम राज्याचे विभाग करतात. परंतु तिचे पालन बांधकाम परवानगीतून, म्हणजेच महानगरपालिकेच्या कार्यालयातून होत असते. या ठिकाणी सभागृहास देखरेखीची स्पष्ट संधी होती. प्रत्यक्षात विठ्ठलवाडी ते वारजे या नदीकाठच्या रस्त्याचा वाद २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि पुढे त्या रस्त्याचा नदीपात्रातील भाग महानगरपालिकेला काढून टाकावा लागला. जो प्रश्न सभागृहात उपस्थित होऊन सुटावयास हवा होता, तो नागरिकांना न्यायाधिकरणापुढे न्यावा लागला.

२०१९ : आंबील ओढ्याचा पूर :

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात झालेल्या मुसळधार पावसाने आंबील ओढ्यास पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी आदी भागांत पाणी शिरले आणि शहर व परिसरात वीसहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला. या पुराचे वेगळेपण असे की, येथे कोणतेही धरण फुटले नव्हते. ओढ्याची रुंदी, त्यावरील कल्व्हर्ट, सीमाभिंती, काठावरची बांधकामे आणि गाळ काढण्याची कामे या सर्व बाबी महानगरपालिकेच्याच अखत्यारीतील होत्या. लोकनियुक्त सभागृहही अस्तित्वात होते.

त्यामुळे धरण आपल्या ताब्यात नाही, हे १९६१ चे कारण २०१९ मध्ये लागू होत नाही. अधिकाराचा अभाव ही देखरेखीच्या अपयशाची एकमेव मीमांसा होऊ शकत नाही, हे या घटनेवरून दिसून येते. नालेसफाईच्या निविदांवर सभागृहात व स्थायी समितीत दरवर्षी चर्चा होते. परंतु कामावर किती खर्च झाला, या प्रश्नाइतका त्या कामानंतर ओढा किती पाणी वाहून नेऊ शकतो, हा प्रश्न महत्त्वाचा मानला गेला नाही.

२०२४ : सिंहगड रस्ता आणि सभागृहाची अनुपस्थिती :

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासला धरणातून सोडलेला विसर्ग सुमारे ३५,००० क्युसेकपर्यंत वाढविण्यात आला. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी व लगतच्या वसाहतींत पाणी शिरले आणि लष्करास पाचारण करावे लागले. त्याच पहाटे डेक्कन परिसरात तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. किती विसर्गाची सूचना केव्हा देण्यात आली, यावरून जलसंपदा विभाग व महानगरपालिका यांच्यातील मतभेद जाहीर झाले. धरणाखालील क्षेत्रात पडलेल्या पावसाचीही या पुरात भर होती, हे मान्य केले तरी निळ्या रेषेसाठी धरलेल्या विसर्गाच्या निम्म्याहून थोड्या अधिक विसर्गात घरे बुडाली, ही बाब गंभीर ठरते.

या वेळी महानगरपालिकेत सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. प्रश्न विचारणारी स्थायी समिती नव्हती आणि प्रभाग समित्यांवर लोकप्रतिनिधीही नव्हते. ६३ वर्षांनंतर माहिती व वस्ती यांच्यातील तीच दरी पुन्हा दिसून आली. फरक एवढाच की, तिचा जाब विचारणारी निर्वाचित संस्थाही आता उरली नव्हती. जानेवारी २०२६ मधील निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा अस्तित्वात आले.

नव्या कायद्यांतील सभागृहाचे स्थान :

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. तथापि बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत नगर नियोजन व अग्निशमन यांचा समावेश असला, तरी आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार स्थानिक संस्थांनी जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांस अधीन राहून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, साधनसामग्रीची सज्जता इत्यादी कामे करावयाची आहेत. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचे अध्यक्षपद महानगरपालिका आयुक्तांकडे व उपाध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. शहरपातळीवरील प्राधिकरण ही स्वागतार्ह बाब असली, तरी १९४९ च्या कायद्यातील क्रम येथेही कायम राहिला आहे. कृती प्रशासनाची आणि सभागृह बाहेर, हा तो क्रम होय.

निष्कर्ष व शिफारशी :

१) पुण्याच्या तिन्ही पुरांत सभागृहाची देखरेख आपत्तीनंतरच्या मदतीपुरती व दोषारोपांपुरती राहिली. पूर्वतयारीची तपासणी ही त्याची नियमित जबाबदारी कधीच बनली नाही.
२) याचे कारण केवळ अधिकारांचा अभाव नव्हे. प्रश्न विचारण्याचा हक्क, अंदाजपत्रक व प्रभाग समित्या ही साधने उपलब्ध होती. त्यांचा या कामी उपयोग झाला नाही.
३) दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पूरसज्जतेवर सभागृहाची विशेष सभा व्हावी. तीत विसर्गाच्या कोणत्या टप्प्यावर कोणती वस्ती बाधित होते, इशारा कोणी, कोणास व किती वेळ आधी द्यावयाचा आणि निवाऱ्याची सोय कोठे आहे, याची माहिती जलसंपदा विभाग व आयुक्त यांनी संयुक्तपणे सादर करावी.
४) पूररेषेच्या आत दिलेल्या बांधकाम परवानग्यांचा व ओढ्यांच्या वहनक्षमतेचा वार्षिक अहवाल प्रभाग समित्यांपुढे ठेवावा.
५) प्रशासकाच्या काळातही ही तपासणी खंडित होऊ नये, यासाठी ती जाहीर सुनावणीच्या स्वरूपात बंधनकारक करावी.

पाण्याचा विसर्ग ठरविण्याचे तांत्रिक काम तज्ज्ञांचेच आहे व ते त्यांच्याकडेच राहावे. परंतु त्या विसर्गाने कोणाचे घर बुडणार आहे, हे पावसाळ्यापूर्वी विचारणे हे लोकप्रतिनिधींचे काम आहे. पुण्याच्या इतिहासात हा प्रश्न प्रत्येक वेळी पूर ओसरल्यानंतर विचारला गेला. तो पाणी चढण्यापूर्वी विचारला जाण्याची व्यवस्था निर्माण करणे, हीच १९६१ च्या अनुभवातून घ्यावयाची शिकवण होय.