क्रिस क्लेरमाँट
क्रिस क्लेरमाँट (जन्म: २५ नोव्हेंबर १९५०, लंडन) हे अमेरिकी चित्रकथालेखक आहेत. मार्व्हल कॉमिक्सच्या 'एक्स-मेन' मालिकेचे लेखन त्यांनी १९७५ ते १९९१ अशी सलग सोळा वर्षे केले. त्याआधी सुमारे पाच वर्षे तिच्यात जुन्याच कथांचे पुनर्मुद्रण होत होते.

लेखनपद्धती
मार्व्हलच्या रीतीप्रमाणे आधी कथानक ठरे, चित्रकार पाने रेखाटी आणि मग लेखक संवाद लिही. क्लेरमाँट यांचे संवाद पाल्हाळिक असल्याची टीका होते व ती अगदीच निराधार नाही. स्टॉर्म, किटी प्राइड, रोग या स्त्री-व्यक्तिरेखांना मात्र त्यांनी दिलेले अंतरंग तत्कालीन चित्रकथांत दुर्मीळ होते.

जीन ग्रेचा मृत्यू
क्लेरमाँट यांना चाहते जे प्रश्न विचारतात, त्यांत जीन ग्रेच्या मृत्यूचा प्रश्न ठळक आहे. क्लेरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांच्या मूळ शेवटात जीनची केवळ शक्ती काढून घेतली जाते. परंतु तिने एक अख्खा वस्तीचा ग्रह नष्ट केला असल्याने एवढी शिक्षा अपुरी आहे, असा आक्षेप मुख्य संपादक जिम शूटर यांनी घेतला. शेवट बदलून १३७व्या अंकात (१९८०) तिचा मृत्यू दाखवण्यात आला. मूळ शेवट १९८४ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. पात्रांची मालकी प्रकाशकाकडे असल्याने १९८६ साली कंपनीने जीनला पुन्हा जिवंत केले. क्लेरमाँट यांना ते रुचले नाही.

१९९१ साली 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ८० लाखांहून अधिक प्रतींनी विक्रमी ठरला. संपादकांशी मतभेद झाल्याने तिसऱ्या अंकानंतर क्लेरमाँट यांनी ती सोडली.