वायर काढली आणि लॅपटॉप निळा पडला? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

पेण-रोहा पट्ट्यात पावसाळ्यात लाईट गेली की वायफायचा राउटर बंद पडतो. मग उपाय एकच: फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं आणि फोनच्या नेटवर काम पुढे न्यायचं. पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत कासू, नागोठणे जाईपर्यंत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणारे हेच करतात. तेवढ्यात कॉल येतो, फोन उचलताना केबल सुटते आणि स्क्रीन निळी. लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो.

असं दोन-तीनदा झालं की लॅपटॉप दुकानात जातो आणि बऱ्याचदा पहिला सल्ला मिळतो, 'फॉरमॅट मारू'. मला तो अजिबात पटत नाही. फोटो, प्रोजेक्ट, नोट्स सगळं पणाला लागतं, आणि नंतर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला तर बिघाड परत हजर.

केबल काढल्याने ऑपरेटिंग सिस्टीम क्रॅश व्हायलाच नको. यूएसबी बनवलंय तेच चालू मशीनला लावता-काढता यावं म्हणून. वस्तू अचानक निघाली की विंडोज तिच्या ड्रायव्हरला कळवतं: वस्तू गेली, हातातली कामं रद्द कर, घेतलेली मेमरी परत दे. याला 'सरप्राइज रिमूव्हल' म्हणतात. चांगला ड्रायव्हर गपचूप आवरून घेतो. कच्चा ड्रायव्हर मात्र नसलेल्या वस्तूशी बोलत राहतो, किंवा परत केलेल्या मेमरीत पुन्हा हात घालतो. साध्या ॲपने असं केलं तर फक्त ते ॲप बंद पडतं. पण बरेचसे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात चालतात. तिथे गडबड झाली की पुढे डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. म्हणजे निळी स्क्रीन हा एका अर्थाने बचाव आहे.

हे फक्त स्वस्त लॅपटॉपवर होतं असं नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला आणि भर मंचावर निळी स्क्रीन आली. १९ जुलै २०२४ ला तर कोणी काही लावलं-काढलं नव्हतं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक चुकीचं अपडेट गेलं, कर्नलमधला त्याचा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी.

म्हणून शोधायचं ते एवढंच: कोणता ड्रायव्हर?

स्क्रीन निळी पडली की घाबरून पॉवर बटण दाबू नका, आधी फोनने फोटो काढा. नव्या विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन काळी झाली आहे, पण कामाची माहिती तीच: स्टॉप कोड, आणि नशीब असेल तर 'व्हॉट फेल्ड'समोर फाइलचं नाव. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असेल तर ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असेल तर झोपण्या-उठण्यात गोंधळ झाला. लॅपटॉप स्लीपमध्ये असताना वस्तू काढलीत का, ते आठवा. फाइलच्या नावात 'एनटीओएसकर्नल' दिसलं तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. तो गाभा आहे, बहुतेक वेळा दुसऱ्याने केलेली गडबड तो फक्त पकडतो. स्क्रीन चटकन गेली तरी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील, त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं तेही कळेल.

टेदरिंगच्या वेळीच क्रॅश होत असेल तर माझा पहिला संशय अँटिव्हायरस किंवा व्हीपीएनवर असतो. टेदरिंगमध्ये विंडोजला अँड्रॉइड फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो, आणि ही सॉफ्टवेअर्स नेटवर्कच्या वाटेत आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतात. कार्ड अचानक गायब झालं की गोंधळ तिथेही होऊ शकतो. नुसतं 'डिसेबल' करून फिल्टर निघेलच असं नाही. पूर्ण अनइन्स्टॉल करून एक-दोन दिवस बघा. तोवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहेच.

बाकी वस्तूंसाठी, म्हणजे वेबकॅम, प्रिंटर, फिंगरप्रिंट मशीन, डिव्हाइस मॅनेजर उघडा. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर', नाहीतर अनइन्स्टॉल करून थेट उत्पादकाच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर्स कृपया नकोत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. आणि मग शट डाउन नाही, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उघडतं. रीस्टार्टमध्ये खरी कोरी सुरुवात होते.

निळी-काळी स्क्रीन न येता मशीन फट्कन बंद पडत असेल तर गोष्ट वेगळी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल आणि त्यात बगचेक कोड ० असेल, तर ड्रायव्हरपेक्षा पॉवर किंवा पोर्टवर संशय घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत पोर्ट गंजतात, पिना वाकतात. टॉर्च मारून बघा. तीच वस्तू दुसऱ्या पोर्टवर, दुसऱ्या केबलने नीट चालली तर सॉफ्टवेअरला हात लावायची गरज नाही.

पेन ड्राइव्ह ओढल्यावर सहसा सिस्टीम कोसळत नाही, फाइल खराब होते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' डिफॉल्ट आहे, त्यामुळे 'इजेक्ट' दरवेळी लागत नाही. पण कॉपी चालू असताना काढलात तर कुठलीच सेटिंग वाचवणार नाही.

फोनमध्ये मात्र एक सापळा आहे. अँड्रॉइड ६ पासून काही फोनवर मेमरी कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडता येतं. तसं केलेलं कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्याच फोनशी बांधलं जातं. ते चालू फोनमधून काढलं तर त्यावरची ॲप्स बंद पडतात, आणि दुसऱ्या फोनमध्ये ते वाचता येत नाही. असा फोन फॅक्टरी रीसेट करायचा असेल तर कार्डावरचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा, कारण रीसेटमध्ये त्याची किल्लीही पुसली जाते.