परित्यक्ता

परित्यक्ता : नवऱ्याने टाकलेली, तरी कायद्याने त्याचीच बायको राहिलेली स्त्री. बोलीभाषेत ‘टाकलेली’, ‘सोडलेली’. गावात कुणी विचारले तर माहेरचे ‘नांदायला नेत नाहीत’ एवढेच सांगतात. घटस्फोटितेकडे निदान कोर्टाचा कागद असतो. परित्यक्तेकडे तोही नसतो, त्यामुळे पोटगी मागताना किंवा वेगळे रेशनकार्ड काढताना आपण एकट्या आहोत हे तिलाच पटवून द्यावे लागते.

विभक्त (म्हणजे घटस्फोटाविना वेगळे राहणारे) आणि घटस्फोटित यांची जनगणनेत वेगवेगळी मोजदाद 2011 साली झाली. तेव्हा देशात घटस्फोटित स्त्री-पुरुष सुमारे 13.6 लाख होते आणि विभक्त राहणारे त्यांच्या अडीचपटीहून अधिक. दोन्ही गटांत बायका पुरुषांच्या दुपटीच्या आसपास भरल्या, कारण पुरुष लवकर दुसरे लग्न करतो. भारतात घटस्फोट कमी म्हणून संसार सुखाचे, हा निष्कर्ष या आकड्यांपुढे टिकत नाही. मिझोराममध्ये विवाहितांच्या तुलनेत घटस्फोटितांचे प्रमाण 4 टक्क्यांच्या वर, तर देशात पाव टक्क्याच्या आत. हिंदू स्त्रियांत घटस्फोटितांचे प्रमाण मुस्लिम स्त्रियांपेक्षा कमी आहे; विभक्त स्त्रियांचे मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच.

महाराष्ट्रात हा फरक जातीजातींतही होता. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत घटस्फोट नव्हता, विधवेचे लग्नही नव्हते. इतर अनेक जातींत पंचांपुढे काडी मोडून बाई मोकळी होई आणि पाट किंवा मोहतूर लावून दुसरे घर करी. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंच्या आईने वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले ते सुतार समाजात तशी चाल होती म्हणूनच. खुद्द रखमाबाईंना मात्र अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नातून सुटायला 1884 ते 1888 अशी कोर्टाची लढाई द्यावी लागली. ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूमही त्यांनी ऐकला. बडोदा संस्थानाने 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने 1947 साली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीची काडीमोडही शाबूत ठेवली.

लग्नाचे वयही जिल्ह्यागणिक बदलते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या गोव्यात सुमारे 6 टक्के, महाराष्ट्रात 22 टक्के आणि परभणीत 48 टक्के निघाल्या. बीडही फार मागे नाही. तिथल्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला. हंगामापूर्वी पोराचे लग्न उरकले की घरात एक कोयता वाढतो. जोडी फुटली की एकट्या बाईला फडावर काम मिळणे अवघड होते, मग ती भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली राबते.

या बायकांचा प्रश्न समता आंदोलनाने 1988 साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरवून चव्हाट्यावर आणला. त्याआधी 1966 साली समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला होता. त्यातला एकाच वेळी तीनदा उच्चारायचा तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली रद्द ठरवला. राज्याच्या 2024 च्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा आणि घटस्फोटित यांच्याबरोबर परित्यक्ता असाही स्वतंत्र उल्लेख आहे.