योडेलर फ्रँक आयफील्ड

योडलिंग म्हटले की आपल्याला आठवतो किशोरकुमार. आमचेही तसेच होते. पण १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेडिओ ऐकणाऱ्यांना विचाराल, तर नाव येईल फ्रँक आयफील्डचे.

योडलिंगमध्ये गायक छातीतला भरदार आवाज आणि वरचा पातळ, खोटा आवाज यांच्यात झटक्यात ये-जा करतो. एरवी हा सांधा ऐकू येऊ नये म्हणून गायक धडपडतात. इथे सगळी गंमत त्या सांध्यातच!

आयफील्डचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ रोजी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला झाला. आईवडील ऑस्ट्रेलियन. वडिलांनी जेट विमानांसाठी इंधन पंप शोधून काढला होता (आम्हा इंजिनियर मंडळींना याचा उगाच अभिमान!). युद्धानंतर कुटुंब ऑस्ट्रेलियाला परतले. सिडनीजवळच्या ड्युरल भागात गाईंच्या धारा काढता काढता तो कंट्री गाणी ऐके आणि हँक स्नोसारख्या गायकांची नक्कल करत योडलिंग शिकला.

१९५९ साली तो पुन्हा इंग्लंडला आला. पहिली दोन-तीन वर्षे बेताचीच गेली. मग १९६२ मध्ये 'आय रिमेंबर यू' हे १९४२ च्या चित्रपटातले जुने गाणे त्याने आवाजाला ती खास उडी देऊन म्हटले, आणि ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांवर प्रती खपल्या! पाठोपाठ 'लव्हसिक ब्लूज' आणि 'द वेवर्ड विंड' ही गाणीही पहिल्या क्रमांकावर गेली. डिसेंबर १९६२ मध्ये पीटरबरोच्या कार्यक्रमात मुख्य गायक आयफील्ड होता, आणि त्याच्या आधी गाणारी नवखी पोरे म्हणजे बीटल्स.

वर्षभरात चित्र पालटले. १९६३ चे 'कन्फेसिन' हे त्याचे ब्रिटनमधले शेवटचे पहिल्या क्रमांकाचे गाणे. बीटल्समुळे तो मागे पडला असे म्हणतात, ते खरेच आहे. पण आमच्या मते लोकांनी त्याला त्या एका उडीपुरतेच लक्षात ठेवले, हेही त्याला नडले. त्याची संथ गाणी ऐकून पाहा.

१९८६ साली न्यूमोनियामुळे त्याच्या फुप्फुसाचा भाग काढावा लागला आणि स्वरतंतूंना इजा झाली. ज्या आवाजावर सगळे उभे होते, तोच गेला. १९८८ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला परतला. गळा सावरायला कित्येक वर्षे लागली. गंमत म्हणजे १९९१ साली त्याच्या जुन्या योडलिंग गाण्याची नवी, नाचाच्या ठेक्यातली आवृत्ती ब्रिटनमध्ये पुन्हा गाजली. १८ मे २०२४ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.