केडगावचे मराठी बायबल आणि हिब्रू शास्त्रातील स्त्री

केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती सदनात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले मराठी भाषांतर. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडे शिकलेल्या बाईलाही वाचता यावे अशी सोपी मराठी त्यांनी मुद्दाम राखली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातल्या बायका-मुलींनी केले. त्यांत १८९६–९७ च्या दुष्काळातून आणलेल्या बालविधवाही होत्या. नवरा मेला की सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायचे आणि तिच्या पूर्वजन्मीच्या पापावर बोट ठेवायचे, ही त्या काळची रीत. रमाबाईंनी या रीतीवर १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात कठोर टीका केली होती. म्हणून दोष नेमका कुणाचा, हा प्रश्न केडगावात पोथीपुरता नव्हता.

उत्पत्तीच्या पुस्तकात फळ खाल्ल्यावर देव आदाम आणि हव्वा दोघांनाही वेगवेगळे विचारतो. आदाम बायकोकडे बोट दाखवतो, तरी सुटत नाही. शाप सर्पाला आणि जमिनीला मिळतो. हव्वेच्या वाट्याला प्रसूतीच्या वेदना आणि नवऱ्याची सत्ता येते. सगळे पाप हव्वेच्या माथी मारणारी शिकवण पुढे रूढ झाली. या प्रकरणात मात्र झाडाझडती दोघांची होते.

तामारेची गोष्ट याहून धारदार आहे. दोन नवरे मेलेल्या या विधवेला सासरा यहूदा धाकटा मुलगा द्यायचे कबूल करून माहेरी पाठवतो आणि शब्द मोडतो. ती वेश्येच्या वेशात त्यालाच गाठते. पुढे ती गरोदर असल्याचे कळताच तो तिला जाळायचा हुकूम देतो. ती त्याची मुद्रा, दोरी आणि काठी पुढे करते, तेव्हा ही माझ्यापेक्षा न्यायी आहे, अशी कबुली त्याला द्यावी लागते. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिला आपल्याकडे आणवले, त्या प्रकरणातही नाथान संदेष्टा जाब विचारतो तो राजालाच.

हा सगळा ग्रंथ स्त्रीच्या बाजूचा मात्र नाही. गणनेच्या पुस्तकात संशयी नवऱ्याच्या समाधानासाठी बायकोला कडू पाणी पाजण्याचा विधी आहे. नवऱ्यासाठी तसा विधी नाही. इफ्ताहाची मुलगी बापाच्या नवसापायी बळी जाते आणि तिचे नावही नोंदलेले नाही. शास्ते पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो, आणि ती एक शब्दही बोलत नाही.

तरी विधवा आणि अनाथ यांना छळू नका, हा निर्गम पुस्तकातला हुकूम ठाम आहे. ज्याचे पाप त्यालाच, बापाचे मुलावर नाही, असे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात ठणकावले आहे. विधवेवर नवऱ्याच्या मरणाचा दोष लादणाऱ्यांना याहून नेमके उत्तर त्या शास्त्रात मिळणे कठीण.

‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना केडगावात कृपा सदन या वेगळ्या विभागात आसरा मिळे. अशा स्त्रियांना पुन्हा उभे करण्याचे काम रमाबाईंनी १८८३ नंतर इंग्लंडमध्ये फुलहॅम येथील ख्रिस्ती भगिनींकडे पाहिले होते, आणि त्याचा आपल्यावर झालेला खोल परिणाम त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात सांगितला आहे.